सायप्रसचं बूच

बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं.
घड्याळ माझ्या टेबलावर, स्टेनोचं यंत्रही माझ्याच पुढ्यात.
सेंट ऑबिन पॅरिशच्या सभागृहात
एकवीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेते,
खोकला तेवढा सोडून.

आधी कंपनीची पोरगी बोलली, कर्स्टन हॉलब्रूक.
खोटं बोलत नव्हती. ते माझ्या बोटांना कळतं.
धुराड्यातला कर्बवायू पकडू, म्हणाली,
दाबून दाबून त्याचं पाणी करू, नळातून आणू,
आणि तळ्याखाली दीड मैल
खाऱ्या वाळूच्या दगडात मुरवून टाकू.
वर चिकणदगडाचं झाकण आहे, कोट्यवधी वर्षांचं.
पडद्यावर ते झाकण
एका तपकिरी रेघेएवढं होतं.
कुठेही न तुटलेलं.

मग आल्सीड व्हेरे उठला. वय त्र्याऐंशी.
बुटांना खेकड्यांच्या आमिषाचा वास.

"बाई, त्या झाकणाला मी स्वतः भोकं पाडलीत.
तेलासाठी. एकोणीस वर्षांचा होतो.
तेल आटलं की भोक बुजवायचं, असा नियम.
एकेचाळीस नंबरला सिमेंट कमी पडलं.
शनिवार होता, फोरमनला नाचाला जायचं होतं.
आम्ही सायप्रसचा बुंधा तासला,
घणानं आत ठोकला, वर चिखल लिंपला,
आणि कागदावर लिहिलं: बुजवलं.
तुमच्या नकाशात आहे का ते?"

ती नकाशावर वाकली.
मी नोंदवलं: विराम.

"नाही," ती म्हणाली, आणि कानांपर्यंत लाल झाली.

"पाण्यात हा वायू मुरला की पाणी आंबतं.
सिमेंट म्हणजे शेवटी चुनाच.
माझ्या पणतीनं शाळेसाठी
व्हिनेगरमध्ये अंडं ठेवलं होतं.
दोन दिवसांत कवच गेलं.
आणि वर आलाच, तर हा उडून जाणारा नव्हे.
जड आहे. सखल जागा हुंगत येतो,
अंगणात बसतो, पाळण्याच्या उंचीवर.
त्यात गाडीसुद्धा सुरू होत नाही.
इंजिनालाही श्वास लागतो, बाई."

घंटा मीच वाजवली.

खरं सांगायचं तर
माझा भाऊ डेल्टन त्याच अमोनियाच्या कारखान्यात आहे.
त्या धुराच्या पगारावर त्यानं घर खांबांवर उचललं,
कारण त्याच धुरानं पाणी वर येतंय.
दफनभूमीची खालची रांग आम्ही गेल्या वर्षी हलवली,
नावं चिखलातून पुसून पुसून वाचत.
धूर हवेतच राहू द्या,
असं आल्सीडही म्हणाला नव्हता.

मंगळवारी मसुदा परत आला.
समासात पेन्सिलीनं: विराम वगळावा.
मी वगळला नाही. उलट पुढे लिहिलं, चौदा सेकंद.
दहा हजार वर्षांची हमी त्याच पानावर, चार ओळी वर.

रविवारी त्याच्या नावेतून एकेचाळीस नंबर शोधायला गेलो.
खूण होती तीन सायप्रसची, मधला वीज पडलेला.
आता तिथं तीनशे होते,
खाऱ्या पाण्यानं मेलेले, सगळेच वीज पडल्यासारखे.
त्यानं वल्ह्याचं एक टोक पाण्यात बुडवलं,
दुसऱ्याला कान लावला.
डोळे मिटून बराच वेळ तसाच.

"काय ऐकू येतं?"

"माझंच रक्त," तो म्हणाला. "म्हातारपणी तेच येतं."

पाणशेवाळावर एक बुडबुडा आला. मग बराच वेळ काही नाही.
मासा असेल. कुजका पाला असेल.
मी घड्याळात पाहिलं, सवयीनं.

निघताना त्यानं दोरी ओढली.
इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.
ते दोघांच्याही लक्षात आलं.
धक्क्यापर्यंत कोणी काही बोललं नाही.